खिशातला पापड

लग्न होऊन पौडला आले तेव्हा आपण कापडाच्या दुकानात पडलो अशी माझी समजूत होती. स्थळ आणणाऱ्या काकूंनी तसंच सांगितलं होतं. घरचं दुकान आहे, शिवणकाम आहे, बाजारपेठेत स्वतःची जागा आहे. कपडे कोणाचे शिवतात, हे विचारायचं आमच्याकडे कोणालाच सुचलं नाही. आम्ही पुण्याला लागून असलेल्या सूस गावचे. वडिलांनी अर्धी जमीन सोसायटीला दिली, उरलेल्या अर्ध्यावर खोल्या बांधून आयटीतल्या पोरांना भाड्याने दिल्या, आणि तेव्हापासून आमच्या घरात एकच प्रश्न विचारला जायचा, तो म्हणजे टँकर आला का. बाकी कशाची चौकशी करायची सवयच गेली होती.

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी घराच्या पुढच्या अंगाचं दुकान पाहिलं. एका बाजूला खतांचं दुकान, दुसऱ्या बाजूला मोबाइल दुरुस्तीचं, आणि मधे निळी पाटी: 'बोटीवरचे कपडे शिवून मिळतील'. खाली जहाजाचं चित्र. ज्या पेंटरने ते काढलं त्याने जन्मात पाहिलेली एकमेव बोट म्हणजे मुळशी धरणातली लाँच. त्यामुळे आमच्या जहाजाला दोन्ही बाजूंनी बाकडी आहेत आणि वर मांडव घातलाय. धरण बघायला निघालेले पुण्याचे लोक ती पाटी बघून गाडी थांबवतात आणि बोटिंगची तिकिटं इथेच मिळतात का म्हणून विचारतात. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणते, सुरुवातीला प्रत्येकाला नीट समजावून सांगायचे. पुढे कंटाळून नुसतं "आज बंद हाय" म्हणायला लागले. लोक समाधानाने परत जातात.

मी नवऱ्याला विचारलं, की इथे डोंगरात बोटीवरचे कपडे घालतं कोण? तो म्हणाला, इथलं कोणी नाही. आणि जेवायला बसला. आमच्या ह्यांचा स्वभावच असा, उत्तर बरोबर देतात पण उपयोगाचं देत नाहीत.

खरी हकीकत मला सासूबाईंकडून कळली. त्यांना मी आत्या म्हणते. आजेसासरे तरुणपणी मुंबईला गोदीजवळच्या एका शिंप्याकडे कामाला होते. तिथे खलाशांचे बॉयलर सूट आणि पावसाळी कोट शिवायला शिकले. जाड मांजरपाटाला जवसाचं तेल पाजायचं, वाळवायचं, पुन्हा पाजायचं, असे तीन हात झाले की कापडातून पाणी जात नाही. माणसाला वासही जाऊ देत नाही, ती गोष्ट वेगळी. मग घरी आई आजारी पडली म्हणून ते पौडला आले आणि इथेच राहिले. हातातली विद्या समुद्राची आणि गिऱ्हाईक सगळं भातशेतीचं. दोन वर्षं त्यांनी बंड्या आणि उशांचे अभ्रे शिवले. मुंबईची आठवण म्हणून स्वतःसाठी शिवलेला तेलाचा कोट तेवढा दुकानात खिळ्याला टांगून ठेवला होता.

आमच्या बाजाराला तेव्हा ताम्हिणीचा घाट चढून कोकणातले लोक सुकट-बोंबील घेऊन यायचे. त्यातल्या एका कोळ्याने तो कोट पाहिला आणि विचारलं, खरंच पाणी जात नाही का? आजेसासऱ्यांनी पुढ्यातल्या भाकरीवरचा भाजलेला पापड उचलला, कोटाच्या आतल्या खिशात घातला आणि म्हणाले, की हा अंगावर घाल आणि या पावसात घाट उतरून घरी जा. पापड सादळला तर कोट परत आणून दे. कोळी गेला. पुढच्या बाजाराला त्याने तो पापड फडक्यात बांधून परत आणला. कडक होता. बरोबर पाच कोटांची मागणी होती.

तो पापड नाचणीचा होता असं आत्या म्हणतात. त्यांच्या चुलत जाऊबाई उडदाचा म्हणतात. दोघी त्यावरून एका बारशात चार महिने पुरेल इतकं भांडल्या. पण पापड होता यावर दुमत नाही.

तेव्हापासून आमच्या घराण्याचा कायदा झाला. कोटाचा कोणताही नवा नमुना पापडाशिवाय विकायचा नाही. नवा कोट घालून ताम्हिणीच्या पावसात तीन तास उभं राहायचं, आतल्या खिशात ताजा भाजलेला पापड. घरी आल्यावर सगळ्यांसमक्ष तो बाहेर काढायचा आणि मोडायचा. कट्‌कन मोडला तर नमुना पास. नुसता वाकला, तर पुन्हा कापायला घ्यायचा. आणि कोट घालून उभं कोणी राहायचं, तर घरात जे सगळ्यात नवं माणूस असेल त्याने. आजेसासऱ्यांचं म्हणणं होतं, की जुन्या माणसाला कोटाची माया असते, त्यामुळे ते लबाडी करतं. नव्याला कसली आलीये माया.

माझ्या आधीचं नवं माणूस म्हणजे नणंदेचा नवरा. बँकेत क्लार्क, चष्मा लावणारा, स्वभावाने गरीब. लग्नानंतर पहिल्या आषाढात जावयाला बोलावलं, पुरणाचं जेवण घातलं आणि दुसऱ्या दिवशी घाटात नेऊन उभं केलं. तो बिचारा तापाने फणफणून घरी आला. पापड मात्र खणखणीत होता. सगळ्यांनी पापडाचं कौतुक केलं. तेव्हापासून तो पावसाळ्यात सासुरवाडीला येत नाही. आला तर दिवाळीला, तेही आभाळ बघून.

हे सगळं मला लग्नाआधी कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी नको म्हटलं असतं का? बहुतेक नसतं म्हटलं. मामा मला पहिल्यापासून आवडायचे. बारीक, काटक माणूस, गळ्यात टेप कायम. लग्नाच्या फोटोतसुद्धा हार आणि टेप दोन्ही आहेत. मला बघायला आले तेव्हा बाकीचे पोहे खात होते आणि हे टक लावून माझ्याकडे बघत होते. माझ्या आईला वाटलं, मुलगी काळी वाटली की काय. नंतर कळलं, की घरी जाताना त्यांनी आत्यांना एवढंच सांगितलं, पोरगी बरी हाय, बाही बावीस. माप बरोबर निघालं.

दुकानाची कामं वाटलेली होती. आत्या शिवायच्या, ह्यांच्याकडे टेम्पो आणि गिऱ्हाइकांचे फोन, आणि कापणं मामांकडे. मुंबईहून आलेली ती दहा इंची कात्री मामांशिवाय कोणी हातात घ्यायची नाही. मी एकदा पडद्याचं कापड कापायला उचलली तर आत्यांनी माझ्या हातातून काढून घेतली, जशी पोराच्या हातातून काडेपेटी काढून घ्यावी. जमाना प्लास्टिकच्या रेनकोटांचा झाला होता. पण बोटीवर जाळी ओढताना प्लास्टिक फाटतं आणि आत घामाच्या धारा लागतात, त्यामुळे मामांचा मेण आणि तेल पाजलेला कॅनव्हासचा कोट मागणारे थोडे जुने लोक किनाऱ्यावर होते. त्यांच्या जिवावर दुकान चाललं होतं.

माझ्या पहिल्या पावसाळ्यात नव्या नमुन्याची वेळ आली. किनाऱ्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईच्या दोन बोटी होत्या. तिच्या बोटीवरच्या पोरांना टोपी जोडलेला कोट हवा होता, कारण सुटी टोपी वाऱ्याने उडून जाते. नारळी पौर्णिमेला बोटी पाण्यात जाणार, त्याआधी दोन डझन कोट पाहिजेत. मामांनी आयुष्यात टोपीचा कोट कापला नव्हता. आठ दिवस ते वर्तमानपत्रांच्या टोप्या कापून आमच्या ह्यांच्या डोक्यावर ठेवून बघत होते. शेवटी नमुना तयार झाला. हळदीच्या रंगाचा, गुडघ्याखाली येणारा, आणि वजनाला एखाद्या लहान मुलाइतका.

रविवारी सकाळी आत्यांनी स्वतः लाटलेला पापड निखाऱ्यावर भाजला, माझ्या आतल्या उजव्या खिशात ठेवला आणि नियम सांगितले. आडोशाला जायचं नाही. बसायचं नाही. छत्री नाही. खिशात हात घालायचा नाही. पापडाला शिवायचं नाही. मी मान डोलावली. त्या गडबडीत माझा नाश्ता राहिला, आणि पुढचं सगळं रामायण त्या नाश्त्यामुळे घडलं.

ह्यांनी मला टेम्पोने घाटात नेलं, एका धबधब्यासमोर रस्त्याच्या कडेला उभं केलं आणि स्वतः ढाब्यात जाऊन बसले. नियमात सोबतीने भिजायचं असं काही नव्हतं, असं त्यांचं म्हणणं.

ताम्हिणीचा पाऊस ज्याने पाहिला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. तो वरून पडतो, बाजूने येतो आणि डांबरावर आपटून खालूनही चढतो. त्यात रविवार. पुण्याहून आलेल्या गाड्यांची रांग लागली होती. आणि मी त्या गर्दीत पिवळा कोट, टोपी आणि गमबूट घालून न हलता उभी. पहिल्या पंधरा मिनिटांत एका गाडीवाल्याने काच खाली करून विचारलं, की पार्किंग कुठे. मी हाताने दाखवलं. त्याने गाडी तिथे लावली. मग त्याच्यामागून आलेल्यांनीही मलाच विचारलं. अर्ध्या तासात मी सतरा गाड्या लावल्या. एका जोडप्याने माझ्या दोन बाजूंना उभं राहून फोटो काढला. एका मावशींनी विचारलं, इथे कोणी वाहून गेलं की तुम्हीच काढता का? मी म्हटलं, नाही, मी सून आहे. त्या दोन पावलं मागे सरकल्या.

एका सज्जनाने पार्किंगचे म्हणून वीस रुपये पुढे केले. मी नको म्हटलं. दुसऱ्यानेही केले. त्यालाही नको म्हटलं. तिसऱ्याने हातात कोंबलेच.

तासाभरात मला डाव्या खांद्याला गार लागलं. आधी वाटलं भास. मग टोपी जिथे खांद्याला जोडली होती तिथून पाण्याची बारीक धार आत उतरली, ब्लाउजची बाही भिजली आणि मग पाठीवरून कमरेपर्यंत सगळं गार पडलं. मी निमूट उभी राहिले. मला वाटलं, होत असेल तेवढं. बोटीवरच्या माणसांना काय, सवय असेल. शेवटी निकाल पापडाचा, आपण फक्त खुंटी.

दोन तास झाले आणि समोरच्या ढाब्यावर कांदाभजीचा घाणा निघाला. आमचे हे खिडकीपाशी बसून प्लेट संपवत होते. मला हात करून खुणेने विचारलं, ठीक ना? मी सकाळपासून उपाशी, दात वाजतायत, आणि हा माणूस भजीवर चटणी घेतोय. माझं डोकं फिरलं. त्या वेळी माझ्यापासून वीतभर अंतरावर खाण्याची एकच वस्तू होती. मी टोपी पुढे ओढली, खिशात हात घातला आणि पापड खाल्ला.

अख्खा खाल्ला. फार सुंदर होता. आत्यांच्या हाताला चव आहे.

तुकडे संपल्यावर मी काय केलंय ते माझ्या लक्षात आलं. तीन पिढ्यांचा कायदा मी सव्वा मिनिटात चावून गिळला होता. तीन तास भरताच मी धावत ढाब्याच्या मागच्या दाराने आत गेले. तिथल्या काकू चुलीपाशी होत्या. मी त्यांना पार्किंगचे वीस रुपये दिले आणि एक पापड भाजून मागितला, फक्त पापड, लवकर. त्यांनी माझा अवतार पाहिला आणि काही न विचारता दिला. वर चुलीपाशी बसवून माझी पाठही वाळवून घेतली. मी तो पापड खिशात घातला आणि पुढच्या दाराने चेहरा सरळ करून बाहेर आले.

घरी सगळे वाट बघत होते. मामांनी स्वतः खिशातून पापड काढला, दोन्ही हातांनी धरला आणि मोडला. असा आवाज झाला की खतांच्या दुकानातले लोकसुद्धा हसले. मामांनी गूळ वाटला. आत्यांनी पापडाचा तुकडा उचलून थोडा वेळ पाहिला, मग तोंडात टाकला आणि मशीनवर जाऊन बसल्या. मला कोणी काही विचारलं नाही. मी आत जाऊन साडी बदलली आणि कालवणाला फोडणी दिली.

नारळी पौर्णिमेच्या आत दोन डझन कोट खाली गेले.

तीन आठवडे झाले असतील. ती बोटीवाली म्हातारी एसटीने घाट चढून आली. डोक्यावर गाठोडं, त्यात सहा कोट. मला वाटलं आता भांडण होणार. पण ती बाई आवाजसुद्धा चढवेना. तिने एक कोट काउंटरवर पसरला, तांब्यातलं पाणी टोपीच्या जोडावर ओतलं आणि आम्हाला बघायला लावलं. पाणी क्षणभर थांबलं आणि मग खांद्यातून आत उतरून काउंटरवर पसरलं. तिने सांगितलं, की चोवीसच्या चोवीस कोट असेच आहेत, पोरं भिजून आजारी पडतायत. तुमच्याकडे तपासून देतात म्हणून माझ्या सासऱ्यापासून आम्ही इथेच येतो, मग या खेपेला तपासलं काय, असं तिने मामांना विचारलं. पंधरा दिवसांत नीट करून दिले तर नेते, नाहीतर बाजारातले प्लास्टिकचे घेते, म्हणाली आणि चहा न घेता गेली.

मामांनी सहाही कोट एकेक करून पाहिले. कापड हाताने चाचपलं, शिवण उलटी करून पाहिली. मग खुर्चीवर बसले. त्यांचं गणित सरळ होतं. पापड कडक होता, म्हणजे कापड चांगलं, मेण चांगलं, तेल चांगलं. तरी कोट गळतो, म्हणजे कापण्यात चुकलं. शिवाय घाटात पहिला कोट गळला नव्हता, म्हणजे तो बरोबर कापला आणि पुढचे चोवीस चुकले. हात गेला. शिंप्याचा हात असाच जातो म्हणाले, आधी कळतच नाही.

त्यांनी कात्रीला तेल लावलं, फडक्यात गुंडाळली आणि कपाटावर ठेवली.

पुढचे चार दिवस मी विसरणार नाही. मामा दुकानाच्या पायरीवर बसून रस्त्याकडे बघायचे. मधेच उजवा हात उजेडात धरून बोटं थरथरतात का ते पाहायचे. थरथरत नव्हती. पण इतका वेळ हात वर धरला तर कोणाचाही थरथरेल, आणि मग त्यांची खात्री पटायची. बोटिंगचं विचारायला आलेल्यांना ते आता "कायमचं बंद हाय" सांगायला लागले. मोबाइलवाल्याला मोमो विकणाऱ्या भाच्यासाठी जागा हवी होती. मामांनी ह्यांना त्याच्याशी बोलून घ्यायला सांगितलं. आत्यांनी पापड तळले तर ते ताटावरून उठून गेले.

आणि मला सगळं माहीत होतं. त्यांचा हात गेला नव्हता. तो पहिला कोटसुद्धा असाच गळला होता, माझ्याच पाठीवर. पण ते सांगायचं तर मी तिथे काय केलं तेही सांगावं लागणार. घरात येऊन मला चार महिने झाले होते. मला या घरात राहायचं होतं, आणि चांगलं म्हणवून घेऊन राहायचं होतं. मी भित्री होते, त्याला दुसरा शब्द नाही.

तिसऱ्या दिवशी मी ह्यांना सांगून पाहिलं. कोट गळत होता ते सांगितलं, त्यावर त्यांनी हं केलं. मग पापडाचं सांगितलं तर ते अंथरुणात उठून बसले. चोवीस कोट गळले, गिऱ्हाईक चाललं, बाप खचला, याचं काही नाही, पण तू पापड खाल्लास? त्यांनी मला सल्ला दिला, की हे मरेपर्यंत बोलू नकोस. कोणाच्या मरेपर्यंत ते सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी मोबाइलवाल्याचा भाचा टेप घेऊन दुकानाची रुंदी मोजायला आला. मामा स्वतः उठून त्याच्या टेपचं दुसरं टोक धरायला लागले. चाळीस वर्षं ज्या माणसाने दुसऱ्यांची मापं घेतली तो भिंतीशी वाकून आपल्याच दुकानाचं माप देत होता. ते मला बघवेना. मी त्या मुलाला सांगितलं, उद्या ये. तो गेला. आत्या मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होत्या. मी मामांपुढे उभी राहिले आणि एका दमात बोलले.

"मामा, घाटात मी पापड खाल्ला. तुम्ही मोडलात तो ढाब्यावरचा होता. तुमचा हात गेलेला नाही."

आत्यांचं मशीन चालूच होतं.

मामांनी विचारलं, "खाल्लास तवा कसा व्हता?"

मी खरं ते सांगितलं, "कुरकुरीत होता."

"मग पापड पासच झाला की."

"पापड पास झाला मामा. मी भिजले होते. डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत."

त्यांच्या चेहऱ्यावर मी आधी राग शोधला, मग निराशा शोधली. दोन्ही नव्हतं. गणित सोडवताना अडलेल्या माणसासारखे ते दिसत होते. पापड उजव्या खिशात कोरडा, आणि बाई डाव्या बाजूने भिजलेली. तीन पिढ्यांत ही शक्यता कोणाच्या डोक्यात आलीच नव्हती.

"मग तवाच सांगितलं का न्हाईस?"

मला खूप उत्तरं देता आली असती. भीती वाटली, लाज वाटली, नवीन होते. ती सगळी खरी होती. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"मला कुणी विचारलंच नाही, मामा. सगळ्यांनी पापडाला विचारलं."

मशीन थांबलं. आत्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि अभ्र्याचा दोरा तोडला.

"त्यो पापड माजा नव्हता, तवाच वळखलं मी," त्या म्हणाल्या. "लई मिरं व्हतं त्यात."

मामा त्यांच्याकडे वळले. "आन् तू बी बोलली न्हाईस?"

"मला तरी कुनी इचारलं? आन् आता इचारताच हायसा तर सांगते. माजी पाठ भिजली व्हती. लगीन झालं त्या साली, तुमच्या पैल्या कोटात. मानेच्या खाली, हितं. मामंजींनी पापड मोडला, गूळ वाटला, मी आपली भाकऱ्या बडवाया गेले."

मामा खुर्चीवर बसले. त्यांच्या पहिल्या कोटावर घराने किती दिवस फुशारकी मारली होती, ते मी ह्यांच्याकडून दहा वेळा ऐकलं होतं. तो कोट घालून किती माणसं किती पावसाळे समुद्रावर गेली असतील, याचा विचार ते करत असावेत. मला एकदम त्यांची दया आली, आणि आत्यांचीही आली, आणि खरं सांगायचं तर त्या क्लार्क जावयाची सगळ्यात जास्त आली. त्याचा ताप कोणत्या बाजूने आत शिरला होता, तेही कोणाला माहीत नव्हतं.

मामा उठले. म्हातारीच्या सहा कोटांतला वरचा उचलून माझ्यापुढे धरला आणि घालायला सांगितला. मी घातला. त्यांनी खिशातून पांढरा खडू काढला. मला वाटलं, ते खूण करतील. त्यांनी खडू माझ्या हातात दिला.

"कुटनं शिरलं, दाव."

मी खांद्यावर, टोपीच्या जोडाच्या मागे बोटभर, रेघ ओढली. आत्या न बोलावता उठून आल्या, माझ्या हातातून खडू घेतला आणि मानेच्या खाली दुसरी रेघ ओढली. मामा मागे सरकून त्या दोन रेघांकडे पाहत राहिले. ओठ हलत होते, मनात काहीतरी कापणं चाललं होतं. जोड खांद्यावर यायलाच नको, पाठीचा तुकडा अखंड वर न्यायला पाहिजे, असं ते स्वतःशीच बोलले. मग मला म्हणाले, कपाटावरची कात्री काढ.

मी स्टुलावर चढून कात्री काढली, फडकं सोडलं. या खेपेला आत्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली नाही.

मामांनी कात्री हातात घेतली, पण लगेच कापायला वाकले नाहीत. कोटाच्या बाहीला हात लावून उभे राहिले. मला वाटलं, आता पापडाचं काहीतरी बोलतील. मी मान खाली घालून तयार होते.

"आन् थंडी? थंडी वाजली का ग तुला तितं?"

माझे डोळे भरून आले, आणि कोटाची बाही इतकी कडक की पुसताही येईना.

"वाजली," मी म्हटलं. "फार वाजली."

"मग अस्तर लावू," मामा म्हणाले, आणि कापायला वाकले.